फ्रेमांची रुजवात

जी वस्तू विकत घेताना ग्राहक तिचा पोत पाहत नाही, वास घेत नाही, तागडीत घालून वजन करीत नाही, किंबहुना एकदा कॅबिनेटात बसवून वरून पत्रा लावला की जी पुन्हा दृष्टीसही पडत नाही, अशा वस्तूची किंमत केवळ आकड्यांवरून ठरते; आणि किंमत आकड्यांवरून ठरू लागली की ते आकडे कोणी काढले, कशावरून काढले आणि कोणाच्या लाभासाठी काढले हे प्रश्न ओघानेच येतात. मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड ही अशीच एक वस्तू होय. अव्वल दर्जाचे कार्ड घेणारा धनिक आकड्यांकडे अलंकार म्हणून पाहतो आणि अगदी स्वस्तातले घेणाऱ्यास निवडीला फारसा वावच नसतो. मधल्या माणसाला मात्र प्रत्येक फ्रेमचा हिशेब मांडावा लागतो. (मधल्या माणसाच्या वाट्याला हिशेब येणे हे काही संगणकाच्याच बाबतीत घडते असे नाही.)

पुढील संवाद दोन प्रातिनिधिक गृहस्थांचा आहे, म्हणून त्यांना नावे देण्याचे कारण नाही. मामा हे वैधमापनशास्त्र खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदारांची वजने, तराजू आणि लिटरची मापे तपासून त्यांवर सरकारी मुद्रा उठवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. भाचा अभियांत्रिकी शिकून नोकरीस लागलेला. त्याच्याजवळ 2018 सालचा, आय5-8400 प्रोसेसरचा संगणक असून त्यातील जीटीएक्स 1060 काढून त्याने आरटीएक्स 4060 बसवले आहे. स्थळ नागपूर, दिवस वैशाखाचे, आणि खिडकीत कूलर घुमतो आहे.

मामा : चित्र उमटले, खेळ सुरू झाला, आवाजही येतो आहे. एवढे झाल्यावर कार्ड बसले असे मानण्यास तुझी हरकत काय? मघापासून तेच गाव आणि तेच रान पडद्यावरून वाहते आहे. खेळणारा कोणी नाही आणि हरणाराही कोणी नाही.

भाचा : हा खेळ नव्हे, मामा, ही खेळातच अंतर्भूत असलेली चाचणी आहे. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मध्ये ठरलेल्या वाटेने कॅमेरा फिरतो आणि शेवटी संगणक किती फ्रेम्स काढू शकला याचा तपशील मिळतो. तुम्ही म्हणता की चित्र उमटले म्हणजे कार्ड बसले. पण चित्र उमटणे हा बसवणुकीचा दाखला नव्हे. मदरबोर्डावर सारख्याच लांबीचे दोन स्लॉट असतात, त्यांपैकी प्रोसेसरच्या जवळचा बहुधा पूर्ण रुंदीचा आणि खालचा पुष्कळदा केवळ चारच लेनचा. कार्ड खालच्यात बसवले तरी चित्र उमटते. मेमरीच्या दोन पट्ट्या चुकीच्या जागी बसवल्या आणि त्या एकाच चॅनलवर चालू लागल्या, तरी चित्र उमटते. आणि मॉनिटरची केबल कार्डाऐवजी सवयीने मदरबोर्डाच्याच पोर्टमध्ये खुपसली, तर कार्ड रिकामे बसते, सगळे काम प्रोसेसरच्या पोटातील चिमुकली चित्रशाखा रखडत करते, आणि चित्र तेव्हाही उमटतेच. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत, आकड्यांत दिसतात.

मामा : केबलीची गोष्ट मला पटली. कूलरचा पंप बंद असूनही नुसत्या वाऱ्यावर समाधान मानणारी घरे मी पाहिली आहेत.

भाच्याचा हा पक्ष सबळ आहे, आणि बसवणुकीच्या क्रियेकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे तो अधिकच सबळ वाटू लागतो. क्रिया स्वतः अवघड नाही. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या साधनाने समूळ काढावा. संगणक बंद करून वायर भिंतीपासून अलग करावी आणि उरलासुरला विद्युत्संचय संपावा म्हणून सुरू करण्याचे बटण एकवार दाबावे. अंगातील स्थिर विद्युत् जिरवण्यास कॅबिनेटाच्या उघड्या धातूला हात लावावा. मग स्क्रू काढून, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबून जुने कार्ड उचलावे, आणि नवे कार्ड तोच खटका आपणहून मिटेपर्यंत सरळ दाबावे. एसएमपीएसमधून येणारी सहा अधिक दोन पिनांची जोडणी शेवटी लावावी. एवढ्या सुबोध विधीत चुका होतात त्या अज्ञानापेक्षा ‘झालेच आहे’ या समाधानामुळे अधिक होतात.

मामा : त्या वेगळ्या वायरीचे प्रयोजन काय? बोर्डातून वीज मिळत नाही?

भाचा : मिळते, पण स्लॉटमधून 75 वॅटच घ्यावेत असे मानक आहे. हे कार्ड 115 वॅटपर्यंत घेते. तेव्हा उरलेली वीज या आठ पिनांतून येते, आणि त्या जोडणीला 150 वॅटपर्यंत मुभा आहे. हे काम प्रत्येक कारखानदाराने नीट केलेच असे नाही. 2016 च्या जूनमध्ये एएमडीचे आरएक्स 480 बाजारात आले, तेव्हा स्वतंत्र परीक्षकांनी मोजमापे लावून पाहिले असता ते स्लॉटमधूनच मर्यादेपेक्षा अधिक वीज ओढते असे उघडकीस आले. कंपनीने पुढच्याच महिन्यात नवा ड्रायव्हर काढून तो भार कमी केला. मोजणारा कोणी नसता तर?

मामा : तर कोणाच्या तरी बोर्डाला झीज लागली असती आणि त्याला कारण कळले नसते. ठीक. मोजू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते. मोजण्यातच माझे केस पिकले. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या पेटीत किलोचे जे कार्यमानक असे, ते मी दुय्यम मानकाशी ठरावीक मुदतीने ताडून घेई, दुय्यम मानक संदर्भमानकाशी ताडले जाई, आणि ती साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचे. तुझ्या या चाचणीच्या मापावर मुद्रा कोणाची?

भाचा : मुद्रा कोणाचीच नाही. फिनलंडमधील एका कंपनीने ‘थ्रीडीमार्क’ नावाची चाचण्यांची मालिका 1998 पासून चालवली. 2014 मध्ये ती यूएल या संस्थेकडे गेली. तिच्यातील ‘टाइम स्पाय’ ही चाचणी 2016 ची. माझे जुने कार्ड तिच्यात सुमारे सव्वाचार हजार गुण घेणाऱ्या जातीचे, नवे साडेदहा हजारांच्या आसपासचे. म्हणजे जवळजवळ अडीच पट. जगभर लोक तीच चाचणी चालवतात, म्हणून माझा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. माझा आठ हजारच आला असता तर काहीतरी बिनसले आहे हे मला लगेच उमगले असते.

मामा : आणि ज्याचे माप घ्यायचे त्याला माप कोणते हे आगाऊ ठाऊक! निरीक्षक येणार हे कळले की बाजारातली खोटी वजने पोत्याखाली जातात आणि खरी वर येतात. म्हणून आम्ही वार सांगून जात नसू.

येथे मामांनी, इतिहास ठाऊक नसताना, नेमके मर्मावर बोट ठेवले होते, आणि भाच्याच्या प्रामाणिकपणाची गोष्ट ही की त्याने तो इतिहास लपवला नाही. 2001 साली एटीआय कंपनीचे रेडिऑन 8500 हे कार्ड ‘क्वेक 3’ या त्या काळच्या सर्वमान्य चाचणी-खेळात विशेष वेगाने धावे. त्या खेळाच्या फाइलीचे नाव बदलून ‘क्वेक’ऐवजी ‘क्वॅक’ असे करताच वेग उतरला आणि चित्रे मात्र अधिक रेखीव झाली. ड्रायव्हर फाइलीचे नाव ओळखून तेवढ्यापुरता चित्रांचा दर्जा घटवीत होता! दोन वर्षांनी, 2003 मध्ये, पाळी एनव्हिडियाची आली. थ्रीडीमार्कच्या चाचणीत कॅमेऱ्याची वाट ठरलेली असल्याने, त्या वाटेवरून जे दिसणार नाही ते काढण्याचे श्रम ड्रायव्हर आधीच वाचवीत होता; वाट जराशी सोडून पाहणाऱ्याला आकाशाचा तुकडाच गायब आढळे. चाचणीकारांनी ही पळवाट बुजवली तेव्हा कंपनीच्या त्या वेळच्या अव्वल कार्डाचे गुण जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरले. प्रथम त्यांनी याला फसवणूक म्हटले, आणि काही दिवसांतच कंपनीशी संयुक्त निवेदन काढून तो शब्द मागे घेतला. अशा सोज्ज्वळ मखलाशीचे नमुने आपल्याकडच्या चौकशी समित्यांच्या अहवालांतही विपुल आढळतात.

मामा : मग? यानंतरही तू सव्वाचार हजार आणि साडेदहा हजार असे म्हणत राहणार?

भाचा : म्हणणार, पण एका आकड्यावर विसंबणार नाही. त्या भानगडींमुळेच परीक्षक शहाणे झाले. ते एकच चाचणी न घेता अनेक खेळ खेळून पाहू लागले, चित्रांची जुळणी करू लागले आणि ठरलेल्या वाटेबाहेर जाऊ लागले. सरासरीवरचा विश्वासही हळूहळू उडाला. 2011 साली ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत काय घडते ते पाहावे असा आग्रह धरला. सेकंदाला साठ फ्रेम्स म्हणजे समान वाटणी झाली तर प्रत्येकीस 16.7 मिलिसेकंद, परंतु एकोणसाठ फ्रेम्स पहिल्या अर्ध्या सेकंदात उरकल्या आणि साठाव्या फ्रेमने उरलेला सगळा अर्धा सेकंद खाल्ला, तरी दफ्तरी नोंद साठ अशीच होते. खेळणाऱ्याला मात्र ऐन क्षणी पडदा थिजलेला दिसतो. म्हणून आता सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा आकडाही देतात.

मामा : तो सगळे एकाच रीतीने काढतात?

भाचा : नाही. काही जण मंद एक टक्का फ्रेम्सची सरासरी घेतात, तर काही जण शंभरांतील नव्व्याण्णव फ्रेम्स ज्या वेळाच्या आत निघतात तो वेळ घेऊन त्यावरून आकडा काढतात. एकाच नोंदीवरून दोन निरनिराळे आकडे निघतात.

मामा : आणि दोहोंवर पाटी एकच. आमच्या काळी शेर गावोगाव वेगळा असे, त्याचीच ही गत. मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 साली झाला तो काय उगाच?

भाचा : म्हणून तर मी परक्यांच्या नीचांकाशी माझा नीचांक ताडत नाही. जुने कार्ड काढण्यापूर्वीच त्याच खेळात, त्याच रेझोल्यूशनवर, त्याच सेटिंगवर त्याची नोंद घेऊन ठेवली होती. आज नव्याची त्याच्याशी रुजवात घालतो आहे. पहिली फेरी मी धरत नाही, कारण तिच्यात शेडर तयार होत असल्याने धक्के बसतात. पुढच्या फेऱ्या एकमेकींशी जुळल्या तरच आकडा वहीत.

मामा : हे मात्र शिरस्त्याला धरून झाले. आता वहीत आणखी एक रकाना काढ. कूलर चालू होता की बंद?

भाचा : चालू आहे.

मामा : जुन्या कार्डाची नोंद घेतलीस तेव्हा?

भाचा : तेव्हा पहाट होती. कूलर बंद असावा.

मामा : बाहेर चव्वेचाळीस अंश आहे. पहाटेची खोली आणि दुपारची खोली यांत फरक नाही असे म्हणायचे असेल तर म्हण बापडा.

हा फरक काल्पनिक नाही. पंख्याचा वेग तोच राहिला तर खोलीचे तापमान जितके अंश चढते, जवळजवळ तितकेच अंश कार्डही चढते. आणि अलीकडची कार्डे उष्णता वाढू लागली की आपली घड्याळगती पायरीपायरीने उतरवतात. परीक्षकांच्या वातानुकूलित खोलीत निघालेला आकडा विदर्भातील दुपारी जसाच्या तसा निघेल ही अपेक्षा करणाऱ्याने निदान खोलीचे तापमान तरी शेजारी लिहावे. कूलरमुळे हवा गार होते, पण दमट होते, आणि कॅबिनेटाच्या जाळीत धूळ चिकटून बसते, हा आमच्याकडचा खास मुद्दा कोणत्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही.

मामा : आता मुख्य फिर्याद. तू हे कार्ड घेण्यापूर्वी जी परीक्षणे वाचलीस, त्यांतील यंत्रात कोणता प्रोसेसर होता?

भाचा : त्या वेळचा सर्वांत वेगवान. मुद्दामच तसा घेतात. प्रोसेसरचा अडथळा राहू नये आणि कार्डाचीच पात्रता दिसावी म्हणून.

मामा : म्हणजे ज्या यंत्रात त्यांनी मोजले ते तुझ्यापाशी नाही, आणि जे तुझ्यापाशी आहे त्यात त्यांनी मोजलेच नाही.

भाचा : पद्धत म्हणून ती बिनचूक आहे, मामा. एका वेळी एकच गोष्ट मोजायची असेल तर बाकीच्या वाटेतून दूर करायलाच हव्यात. माझ्या यंत्रात काय होईल ते मी शोधतो ना! रेझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणतो. फ्रेम्स भराभर वाढल्या तर वेसण कार्डाच्या हाती होती. वाढल्या नाहीत तर प्रोसेसरच्या. काही खेळांत वाढल्या, काहींत जागच्या हलल्या नाहीत.

मामा : ज्यांत हलल्या नाहीत, त्यांत नव्या कार्डाचे पैसे वाया.

भाचा : वाया नाहीत, राखीव. उद्या प्रोसेसर बदलीन.

मामा : आणि रस्ता?

या एका प्रश्नाने भाचा किंचित अडखळला, कारण आरटीएक्स 4060 ची खरी गोम तेथेच आहे. 29 जून 2023 रोजी 299 डॉलरला बाजारात आलेल्या या कार्डाची मेमरी 8 जीबी असून तिचा मार्ग 128 बिटांचा आहे. त्याच्या आधीच्या पिढीतील आरटीएक्स 3060 ला 12 जीबी आणि 192 बिटांचा मार्ग होता. सेकंदाला 360 जीबीऐवजी 272 जीबी, म्हणजे नव्या पिढीत हा प्रवाह अरुंद झाला, आणि ती उणीव चिपमधील 24 एमबीच्या मोठ्या कॅशेने भरून काढली आहे. बहुतेक वेळा ती भरून निघतेही. परंतु एखाद्या खेळाची चित्रे 8 जीबीत मावली नाहीत तर उरलेली मुख्य मेमरीतून आणावी लागतात, आणि ती ज्या वाटेने येतात तिच्या या कार्डाने आठच लेन घेतल्या आहेत. नव्या मदरबोर्डावर, चौथ्या पिढीच्या जोडणीत, त्यांतून सेकंदाला सुमारे 16 जीबी येतात. भाच्याच्या 2018 च्या मदरबोर्डावर, तिसऱ्या पिढीत, आठच. म्हणजे ज्या जुन्या यंत्रांना अशा मध्यम कार्डाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच ते अर्ध्या रुंदीच्या वाटेवर उभे करते. ही काटकसर कारखानदाराने कोणाच्या खिशातून केली हे उघड आहे.

भाचा : ती वाट मी तपासली. ‘जीपीयू-झेड’मध्ये आठ लेन, तिसरी पिढी असे दिसते. प्रथम पहिली पिढी दिसली म्हणून दचकलो होतो; पण कार्ड निवांत असताना जोडणी वीज वाचवण्यासाठी खालच्या गतीवर उतरते, काम दिले की चढते. आणि चित्रांचा दर्जा एक पायरी कमी ठेवला की 8 जीबीत सगळे मावते.

मामा : दर्जा एक पायरी कमी ठेवला की! एटीआयने याहून निराळे काय केले होते?

भाचा : त्यांनी न सांगता केले; मी वहीत लिहून करतो.

मामा : हे उत्तर मी मान्य करतो. बरे, तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा?

भाचा : पंचाहत्तर.

मामा : आणि तू मघाशी शंभराच्या पुढच्या फ्रेम्स दाखवून खूश होत होतास. पंचाहत्तरांपलीकडच्या कोणी पाहिल्या?

भाचा : डोळ्यांनी पूर्ण पाहिल्या नसतील, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा अवधी त्यांमुळे थोडा घटतो. आणि मोजताना मर्यादा काढावीच लागते. एरवी कार्ड मोजले जाते की मॉनिटर, तेच कळणार नाही.

मामा : मोजताना काढ. मोजणे संपल्यावर घाल. बहात्तरावर कुलूप लावलेस तर कार्ड निम्म्या श्रमात काम करील, पंखा गुरगुरणार नाही, आणि या खोलीत माझ्यासारख्याला बसता येईल. वैशाखात 115 वॅटची शेगडी पेटवून तिच्यावर कूलरचा वारा घालणे यात कोणते शास्त्र आहे?

येथे लेखकाचे मत मामांच्या बाजूचे आहे. मोजण्याची सवय लागलेल्या मनुष्याला मोजून झाल्यावर थांबवत नाही. प्रत्येक ड्रायव्हर आला की नवी फेरी, प्रत्येक फेरीला एखाददुसऱ्या टक्क्याचा आनंद किंवा शोक, आणि विकत आणलेला खेळ तिसऱ्या प्रकरणातच पडून. भाच्याला हे पटले असे दिसले नाही. त्याने ‘फ्रेम जनरेशन’ चालू केले आणि आकडा एकदम चढला.

मामा : हे काय केलेस?

भाचा : कार्डाने काढलेल्या दोन फ्रेमांच्या मध्ये एक फ्रेम अनुमानाने रचली जाते. 2022 पासून ही सोय आहे. चित्र खरोखरच सळसळीत दिसते, पाहा ना.

मामा : दिसते. परंतु मधली फ्रेम रचायची तर पुढची आधी हाती यावी लागणार.

भाचा : होय, म्हणून ती थोडी रोखून धरतात, आणि हाताला तेवढा विलंब जाणवतो. मूळच्या फ्रेम्स साठ-सत्तर असतील तर चालते. तीस असतील तर चित्र गुळगुळीत आणि हात जड.

मामा : मग या फ्रेम्स त्याच रकान्यात लिहू नकोस.

भाचा : मोठमोठे लिहितात, मामा. 2025 च्या जानेवारीत एनव्हिडियाच्या प्रमुखांनी व्यासपीठावरून सांगितले की 549 डॉलरचे 5070 हे आधीच्या पिढीच्या अव्वल 4090 इतकी कामगिरी देईल. त्यात असल्या रचलेल्या फ्रेम्सच बहुसंख्य होत्या.

मामा : व्यापारी व्यासपीठावरून बोलतो ती जाहिरात. वही तुझी आहे. रचलेल्यांसाठी स्वतंत्र रकाना.

भाच्याने रकाना आखला. मात्र सोय बंद केली नाही, कारण शांतपणे भटकण्याच्या खेळात ती त्याला खरोखरच आवडली होती, आणि आवडण्यास मामांचीही हरकत नव्हती. राहिला जुन्या कार्डाचा प्रश्न. ते टेबलावर पुसून ठेवले होते आणि भाचा ते विकण्यासाठी मजकूर लिहू लागला.

मामा : वाच.

भाचा : ‘जीटीएक्स 1060, उत्तम स्थितीत, सर्व खेळ 1080 वर साठ फ्रेम्स.’

मामा : याच नावाची दोन कार्डे होती असे तूच मला सांगितले होतेस.

भाचा : हो, सहा जीबीचे आणि तीन जीबीचे. तीनच्यात नुसती मेमरीच नव्हे, गाभेही कमी. 1280 च्या जागी 1152. माझे सहाचे आहे.

मामा : लिही. ‘सर्व खेळ’ खोड. कोणता खेळ, कोणते सेटिंग ते लिही. साठ ही सरासरी की मंद एक टक्का?

भाचा : सरासरी.

मामा : दोन्ही लिही. आणि पहाटेची आहे हेही लिही.

भाचा : पहाटेची हे लिहिले तर घेणारा हसेल, मामा.

मामा : हसू दे. तो नागपूरचा असेल तर दुपारी फोन करून भाव पाडायचा आहेच. त्याला कारण तरी खरे मिळेल.

भाच्याने ओळ वाढवली, मग थोडा विचार करून अपेक्षित किमतीतून पाचशे रुपये कमी केले. मामांनी ते पाहिले आणि किमतीखाली काही जागा सोडून ठेवायला सांगितली, कारण पंख्याचा आवाज कसा आहे हे अजून लिहायचे होते.